ऑटोजायरो आणि जुनी विमानं एकाच दिवशी, एकाच माळावर जमतील का? (सोलापूर)

माळावरचा वारा

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. इथं आणि आसपासच्या गावात रेडिओ कंट्रोल विमानं उडवणारे आम्ही मोजकेच लोक आहोत, कुणी टॉवेलच्या कारखान्यात, कुणी बँकेत, कॉलेजची चारदोन पोरंपोरी, आणि रिटायर्ड झालेले दोन काका. यंदा हुरड्याच्या दिवसात एक अख्खा दिवस मेळावा घ्यायचं चाललंय. पण नेहमीसारखा ज्याला जे पाहिजे ते घेऊन या असा नाही, फक्त दोनच प्रकार: ऑटोजायरो, आणि जुन्या काळातली विमानं म्हणजे टायगर मॉथ, पायपर कब, पस मॉथ, जुनी ओल्डटायमर डिझाइन्स, असलं. जेट नाही, थ्रीडी कसरती नाहीत, रेसिंग ड्रोन नाही.

कारण सांगतो. ड्रोन आता प्रत्येक लग्नात दिसतो, पोरांना त्याचं काही वाटत नाही. पण ऑटोजायरोच्या डोक्यावर पाती मोकळी फिरतायत, पुढं प्रॉपेलर ओढतोय, आणि ते मशीन थोडंसं पळून अलगद उचललं की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी बाजूला लावून बघत बसतो. एकावर एक दोन पंखांचं विमान हळूहळू डोक्यावरून गेलं तरी तसंच होतं. हळू उडणारी गोष्ट नीट बघता येते, कशी उडते ते विचारावंसं वाटतं, आणि मला आमच्या गावच्या पोरांनी तेच विचारायला पाहिजे.

आता अडचणी. जागा दोन आहेत, एक होटगी रोडच्या बाजूला मोठी सपाट, गावातून यायला सोपी, दुसरी तिऱ्ह्याच्या पुढं एका पाहुण्यांचा मुरमाड माळ, तिथं रोलर फिरवला तर ऐंशी मीटरची पट्टी निघते. दुसरी अडचण म्हणजे आमच्यातच दोन तट पडलेत, जुन्या विमानांवाले म्हणतात वारा अजिबात नको, ऑटोजायरोवाले म्हणतात वारा पाहिजेच, आणि दोघं पण बरोबर बोलतायत. तिसरी, आमच्यातल्या दोघांनी या वर्षी डायरेक्ट कंट्रोलचे, म्हणजे नुसता डोक्यावरचा पंखा (रोटर) कलवून वळणारे ऑटोजायरो बनवलेत, पुढं मोटर असलेले, आणि दोन्ही टेकऑफलाच डाव्या अंगावर आडवे होतायत. सर्वो (कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर सगळं तपासून झालं. पाती लागोपाठ तुटतायत आणि पोरांचा धीर सुटायला लागलाय. कुणी अनुभवी असेल तर सविस्तर लिहा, कितीही लांब चालेल.

हिप्परग्याकडचा

होटगी रोडचा विचार आजच सोडा. तिथं आता खरी विमानं उतरतात. २९ सप्टेंबर २०२४ ला नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ पासून गोव्याचं विमान चालू झालं, आणि विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली ते अख्ख्या गावानं गच्चीवरून बघितलंय. त्या बाजूला मॉडेल उडवायची हौस कुणी करू नये, मोकळं रान दिसलं तरी.

नियम थोडक्यात सांगतो म्हणजे ग्रुपमध्ये वाद नको. ड्रोन रूल्स २०२१ मध्ये आपल्या विमानांसाठी वेगळा प्रकार दिलाय, मॉडेल रिमोटली पायलटेड एअरक्राफ्ट सिस्टीम. सगळं मिळून वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, डिझाइन, चाचणी किंवा निव्वळ हौसेसाठी, आणि उडवायचं डोळ्यांना दिसेल तेवढ्याच अंतरात. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे डिझाइनची सरकारी मंजुरी, लागत नाही. पण झोन मात्र सगळ्यांना सारखेच. ग्रीन झोनमध्ये (जिथं परवानगी लागत नाही) ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही. तिऱ्ह्याचा माळ १२ च्या बाहेर जातोय, तरी सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरच्या ड्रोन नकाशावर त्या माळाचा नेमका पिन टाकून बघा, आणि आदल्या दिवशी परत बघा, कारण एखादा मोठा दौरा वगैरे असला की तात्पुरता रेड झोन लावता येतो.

अजून एक, कुणीतरी नान्नजकडचं माळरान सुचवेल, लई सुंदर आहे, पण ते माळढोकचं अभयारण्य आहे. तिकडं आणि मार्डीच्या बाजूला नको म्हणजे नको. पक्षी किती कमी उरलेत ते आपल्याला माहितीये.

जमीनमालकाची लेखी परवानगी घ्या, पोलीस स्टेशनला एक साधं पत्र द्या, आणि शेजारच्या रानवाल्यांना आधी भेटून या. ग्लो इंजिनचा (इंधनावरच्या छोट्या इंजिनचा) आवाज म्हशींना अजिबात आवडत नाही.

केगाव हॉस्टेल

मी इंजिनिअरिंगला शिकते, अजून फक्त फोमचं ट्रेनर (शिकाऊ विमान) उडवलंय. मूर्खासारखा प्रश्न वाटेल, पण ऑटोजायरो आणि हेलिकॉप्टर यात नक्की फरक काय? दोन्हीला वर पंखाच असतो ना? आणि पहिलं मॉडेल म्हणून ऑटोजायरो घेतला तर चालेल का?

रोटरवेडा

ताई, प्रश्न अजिबात मूर्खासारखा नाही, उलट त्याच्या उत्तरातच वरच्या पडझडीचं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी मूळचा बाळ्याचा, आता नोकरीमुळे पिंपरीत, आणि ऑटोजायरो सोडून दुसरं काही उडवत नाही.

हेलिकॉप्टरचा रोटर इंजिन फिरवतं, आणि तो हवा वरून खाली ढकलतो. ऑटोजायरोत इंजिन रोटरला जोडलेलंच नसतं. इंजिन फक्त प्रॉपेलर फिरवून मशीन पुढं नेतं. रोटरची डिस्क, म्हणजे फिरत्या पात्यांची तबकडी, थोडी मागं कललेली असते, हवा खालून वर तिच्यातून जाते आणि पाती आपोआप फिरत राहतात. गड्ड्याच्या जत्रेत पोरगं भिरभिरं धरून पळतं ना, तसं. आणि इंजिन मध्येच बंद पडलं तरी खाली येता येता हवा खालून मिळतच राहते, त्यामुळे रोटर फिरत राहतो आणि मशीन उताराला लागून सरळ खाली येतं, धाडकन पडत नाही. रोटरला इंजिनचा पीळ नाही म्हणून शेपटीला छोटा पंखा पण लागत नाही.

आता आडवं होण्याचं. रोटर फिरत असताना एका बाजूचं पातं वाऱ्याच्या समोर जात असतं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागं. समोर जाणाऱ्याला हवेचा वेग जास्त मिळतो, उचल जास्त, मागं जाणाऱ्याला कमी. झालं, मशीन कमी उचलीच्या बाजूला कलंडतं. हे तुमच्या पोरांचं एकट्याचं दुखणं नाही, ज्यानं ऑटोजायरो काढला त्याचं पण हेच झालं होतं. स्पेनचा हुआन दे ला सिएर्वा. त्याची पहिली तीन मशीनं, सी १, सी २, सी ३, याच कारणानं नीट उडालीच नाहीत. पण त्यानं एक लहान मॉडेल केलेलं, वेताच्या लवचिक कांड्यांवर पाती असलेलं, ते मात्र मस्त उडायचं. मग त्याच्या लक्षात आलं की मॉडेलची पाती वाकतात, जास्त उचल मिळालेलं पातं वर जातं आणि तिथली जादाची उचल आपोआप कमी होते, मोठ्या मशीनची पाती ताठ आहेत म्हणून ते कलंडतं. त्यानं पात्याच्या मुळाशी बिजागरी दिली, फ्लॅपिंग हिंज, आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ गेटाफेला सी ४ उडालं. मला हे दरवेळी सांगताना भरून येतं, कारण इथं मोठ्या विमानाला शिकवलं ते मॉडेलनं. आपण जे करतो त्याला खेळणी म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

तर पोरांना आता हे बघायला सांगा.

पाती खरंच वर खाली होतात का? बिजागरी असेल तर ती जाम नको, आणि फायबरची पातळ पट्टी वापरली असेल तर ती लवते का बघा, जाड पट्टी घातली की झालं सिएर्वाच्या सी १ सारखं.

रोटर कुठल्या दिशेनं फिरतो? हे लई महत्त्वाचं आणि लोक विसरतात. तुमची मोटर पुढं आहे आणि प्रॉप नेहमीचा असेल तर त्याचा पीळ मशीनला डावीकडे लोटतो. रोटर वरून बघितल्यावर घड्याळाच्या उलट फिरत असेल तर मागं जाणारं पातं डावीकडे येतं, म्हणजे कमी उचल पण डावीकडे. दोन्ही एकाच बाजूला ओढतात. रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरवा, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध येतील. दोघांचीही डाव्या बाजूलाच पडतायत म्हणजे माझा पहिला संशय इथंच. पाती नुसती उलटी करून बसवून चालत नाही हां, पात्याची पुढची कड बदलते, त्या दिशेची पाती नवीन करावी लागतील.

पात्यांचा कोन. शून्य किंवा किंचित उणे ठेवा, म्हणजे पुढची कड बारीकशी खाली. विमानाच्या विंगच्या सवयीनं लोक कोन चढता देतात, मग रोटर वेगच पकडत नाही. खाली पातळ पट्ट्या घालून थोडं थोडं बदलत जा आणि सगळ्या पात्यांना अगदी सारखं. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावून फिरवा, पाती एकाच पातळीत दिसली पाहिजेत. वजन पण सारखं, नाहीतर सगळं मशीन थरथरतं आणि त्यात सर्वो मरतात.

मग लटकवून बघा. बॅटरीसकट मशीन रोटरच्या मध्यावरून उचललं की नाक थोडं खाली पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर उडवूच नका.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे घाई. विमानासारखा थ्रॉटल दाबून पळवायचं नाही. नाक बरोबर वाऱ्यात धरा, रोटर मागं कलवा, हातानं फिरवून द्या आणि थांबा. वारा त्याला हळूहळू वेग देतो. पाती वेगळी दिसायची बंद होऊन डिस्क दिसायला लागली आणि आवाज बदलला की मग थोडासा थ्रॉटल, पळताना रोटर अजून वेग घेतो, मग अजून थोडा. रोटरला वेग येण्याआधी मशीन पळवलं की ते कलंडणारच, दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणूनच ऑटोजायरोवाले वारा मागतात, त्यांचा हट्ट नाही तो. अगदीच वारा नसेल तर लांब पट्टीवर हळू हळू पळवत न्यावं लागतं, तुमची ऐंशी मीटरची पट्टी त्याला पुरेल.

वर गेल्यावर एकच पथ्य: एलेव्हेटरची (नाक वर खाली करणारी) स्टिक जोरात पुढं ढकलायची नाही. रोटरवरचा भार गेला की वेग जातो आणि मग परत येत नाही. उलटं सुलटं काही नाही. उतरल्यावर पण स्टिक सोडू नका, रोटर फिरतोच आहे, एक झुळूक बाजूनं आली की उभं मशीन पण आडवं होतं.

ताई, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, पहिलं मॉडेल म्हणून नको. आधी साधं विमान सगळ्या दिशांनी उतरवता यायला लागू दे. मग विंग आणि एलेरॉन (विंगच्या मागच्या कडेची हलणारी फळी) असलेला ऑटोजायरो घे, १९३० च्या दशकाच्या आधी बहुतेक तसेच असायचे, तो चुका माफ करतो. विंग नसलेला, नुसता रोटर कलवून वळणारा सी ३० सारखा नंतर. ब्रिटिश हवाई दलानं दुसऱ्या महायुद्धात हेच सी ३० रडारची मापं जुळवायला वापरले, नाव रोटा. मॉडेलमध्ये पण लई देखणा दिसतो.

माळावरचा वारा

दादा, काय लिहिलंय! आत्ता पोरांना फोन केला, दोघांचे पण रोटर घड्याळाच्या उलट फिरतायत. आणि पट्टी पण दीड मिलिमीटरची जाड घातलीय. आता पाती नवीनच करावी लागणार, पण बाल्सा (हलकं लाकूड) इथं मिळत नाही, मागवायचा तर पुणे नाहीतर बेंगळुरू. दुसरं काय चालेल?

रोटरवेडा

पुढच्या कडेला सरळ रेषांची कडक लाकडाची पट्टी आणि मागं डेप्रॉन (पातळ फोमची शीट), वरून टेप किंवा फिल्म. पुढची कड जड राहिली पाहिजे, वजनाचा मध्य पात्याच्या रुंदीच्या पुढच्या चौथ्या भागात, मागं गेला की पातं फडफडतं. बांबूची पट्टी पण चालते, पण गाठ नसलेली बघून घ्या. एकदम चार सेट करा. पट्टी पातळ घाला आणि हातानं वाकवून बघा. रोटर हातानं फिरवताना डोळे डिस्कच्या पातळीत ठेवायचे नाहीत, चष्मा घाला, आणि शेजारी कुणी पोरगं उभं राहू देऊ नका.

जुनं लाकूड

मी त्या दोन रिटायर्ड काकांपैकी एक. वाऱ्याचा वाद मिटवायला लिहितोय, कारण तो वाद मुळात नाहीच. आपल्याकडं डिसेंबर जानेवारीत रात्री जमीन थंड होते, तिच्याजवळची हवा पण गार होऊन बसते आणि वरचा वारा खाली येत नाही. म्हणून सकाळी उजाडल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत शेतातल्या धुराची रेघ सरळ वर जाते. ऊन तापलं की हवा ढवळायला लागते आणि दहानंतर वारा येतो, बहुतेक पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून. संध्याकाळी साडेचारपाचनंतर तो परत पडतो. मग भांडता कशाला? सकाळ आमची, दहा ते एक तुमची, संध्याकाळ परत आमची. वाऱ्यालाच वेळापत्रक करू द्या. पट्टी पूर्व पश्चिम आखा.

जुन्या विमानांबद्दल पण थोडं बोलू द्या, सगळं ऑटोजायरोच्याच वाट्याला जायला नको. ही विमानं वजनाच्या मानानं मोठ्या पंखांची, म्हणून हळू उडतात आणि म्हणूनच वाऱ्यात लोळतात. टायगर मॉथ आणाल तर नाक आखूड असतं, इलेक्ट्रिक मोटर हलकी, मग शेपूट जड होते. बॅटरी जेवढी पुढं सरकेल तेवढी सरकवा, नंतर शिसं घाला, आणि वजन वाढतंय म्हणून शिसं कमी करायचा मोह टाळा. शेपटीला चाक असलेली ही सगळी विमानं कडब्याच्या बुडख्याला चाक अडलं की नाकावर जातात, तर पट्टीवरची धसकटं काढून घ्या आणि चाकं मोठी लावा. आणि थ्रॉटल हळू वाढवत उजवा रडर (शेपटीचं वळवायचं पातं) तयार ठेवायचा.

फिल्म नको असेल आणि जुन्या कापडाचं रूप पाहिजे असेल तर पॉलिस्टरचं अस्तराचं कापड घ्या, नवी पेठेत सहज मिळतं. पातळ केलेल्या गोंदानं चिकटवून इस्त्री फिरवली की ताणून बसतं, वर डोपचे (कापड घट्ट करणाऱ्या रोगणाचे) दोन हात. आपल्या कापडाच्या गावात विमान कापडानं मढवायला बाहेरून काही मागवायची गरज नाही.

आता माझ्या मनातली गोष्ट. मेळाव्याला जुनी विमानं म्हणाल तर सगळे टायगर मॉथ आणि कब आणतील, आणि ती आणावीतच, टायगर मॉथवर तर आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक शिकले. पण आपली स्वतःची जुनी विमानं कुठंयत? एचटी २, हिंदुस्थान एअरक्राफ्टचं आपल्याच लोकांनी डिझाइन केलेलं पहिलं विमान, ५ ऑगस्ट १९५१ ला उडालं. त्याचं डिझाइन करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकलेले. नंतर पुष्पक आलं, २८ सप्टेंबर १९५८ ला पहिलं उड्डाण, वर विंग असलेलं, दोन माणसांचं, कापडानं मढवलेलं, आणि फ्लाइंग क्लबांमध्ये वर्षानुवर्षं त्यावरच पोरं शिकली. मोठ्या पुष्पकचे पंख ३६ फुटांचे, म्हणजे सहाव्या हिश्शात केलं तर बरोबर सहा फूट. वर विंग, साधी सरळ रेषांची बॉडी, एखाद्या ट्रेनरइतकं सोपं उडेल. तरी कुठल्याही मेळाव्यात मला एक पुष्पक दिसत नाही. माझ्याकडं हातानं काढलेला आराखडा तयार आहे, फोटो आणि मापांवरून काढलाय. केगावच्या पोरीनं आणि तिच्या दोस्तांनी यावं, मी शिकवतो, लाकूड पण माझं. दुसरं मॉडेल म्हणून पुष्पक बनव बाळ, ऑटोजायरो त्यानंतर.

केगाव हॉस्टेल

काका मी नक्की येणार! आमच्या वर्गातल्या अजून तिघांना विचारलं, ते पण तयार आहेत. कॉलेजच्या लॅबमध्ये लेझर कटर आहे, सरांना विचारून रिब्स (पंखाच्या फासळ्या) त्यावर कापता येतील. आराखडा आधी कॉम्प्युटरवर काढून घेऊ का, म्हणजे पुढं कुणालाही बनवता येईल?

जुनं लाकूड

काढ की, तेच तर पाहिजे. पण पहिल्या दोन रिब्स हातानं काप, लाकडाची रेघ कुठून कुठं जाते ते बोटांना कळलं पाहिजे. रविवारी सकाळी या.

शेळगीचा सर्वो

पुष्पकचा आराखडा मला पण पाहिजे काका. बाकी मला एक सुचवायचंय, प्रेक्षक. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणच्या शोला गेलतो, तिथं लोक सेल्फीसाठी पट्टीवरच येत होते आणि आयोजक माइकवर ओरडण्यापलीकडं काही करत नव्हते. आपण दोरी लावू, दोरीच्या अलीकडं लोक, पुढं पायलट, त्याच्या पुढं पट्टी, आणि डोक्यावरून, लोकांवरून कुणी न्यायचं नाही. ऑटोजायरोच्या वेळी दोरी अजून मागं. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्यांसाठी वाळूच्या बादल्या, चार्जिंग एकाच टेबलावर सावलीत, आणि फुगलेली बॅटरी दिसली तर कुणाची पण असो, बाजूला. घारी आल्या तर उतरवायचं, त्यांच्याशी खेळायचं नाही.

आणि तारीख? गड्ड्याच्या यात्रेचे दिवस टाळा बे, संक्रांतीच्या आसपास नंदीध्वज निघतात तेव्हा अर्धं गाव तिकडंच असतंय, आणि आभाळात पतंग. मांजा प्रॉपमध्ये अडकला की मोटर गेलीच म्हणून समजा.

तिऱ्ह्याची वहिनी

मी त्याच माळाच्या शेजारच्या घरातली. आमच्या मालकांनी हा धागा दाखवला म्हणून लिहिते. जागा बघून घ्या भाऊजी, पट्टीच्या उगवतीच्या बाजूला विजेची तार आहे, उंच नाही पण आहे, विमान उतरवताना लक्षात ठेवा. सीना नदी जवळ आहे त्यामुळे सकाळी कधी कधी धुकं धरतं, साडेसातपर्यंत निवळतं. हुरड्याची काळजी करू नका, आमची ज्वारी मालदांडी आहे, डिसेंबरच्या शेवटी भाजायला आलेली असते. हुरड्याबरोबर शेंगाची चटणी, गूळ, ताक, आणि ज्यांना जेवण पाहिजे त्यांना कडक भाकरी आणि वांग्याची भाजी. किती माणसं ते चार दिवस आधी सांगा. आगटी मात्र वारा जातो त्या बाजूला, लांब, धूर पायलट लोकांकडं नको म्हणून आमचे मालक म्हणतात तर ते खरं असंल. आणि शाळेची पोरं येऊ देताल का? आमची दोघं रोज विचारायलेत.

माळावरचा वारा

वहिनी, शाळेच्या पोरांसाठीच तर सगळं करतोय, सगळ्यांना घेऊन या. तारेचं सांगितलंत ते लई बरं केलंत, आम्ही दोनदा जाऊन आलो तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आता पट्टी पश्चिमेकडं सरकवतो म्हणजे तार उतरायच्या वाटेत येणार नाही.

मग ठरलं असं. जागा तिऱ्ह्याचा माळ, होटगी रोड कायमचा बाद. डिसेंबरचा शेवटचा रविवार, पाऊस वगैरे आलाच तर जानेवारीचा शेवटचा. धुकं निवळल्यावर जुनी विमानं साडेनऊपर्यंत, मग ज्याला प्रश्न विचारायचेत त्याला अर्धा तास मोकळा, दहा ते एक ऑटोजायरो, मग हुरडा आणि जेवण, दुपारी काही उडवायचं नाही, त्या वेळात काका पुष्पकचा आराखडा उलगडून दाखवणार आणि रोटरवेडा दादा पात्यांचा कोन लावून दाखवणार (दादा तुम्ही पिंपरीहून यायचं कबूल करा आधी). साडेचारपासून परत जुनी विमानं. बक्षिसं, नंबर असलं काही नाही, पण सगळ्यात हळू उडणाऱ्या विमानाला टाळ्या जास्त.

पोरांनी काल एका मशीनची पट्टी बदलली आणि रोटर दुसऱ्या दिशेनं फिरेल अशी नवी पाती लावली. आज सकाळी वारा नव्हता म्हणून नुसतं पळवून बघितलं, पहिल्यांदाच सरळ पळालं, कलंडलं नाही. उडवायला वाऱ्याची वाट बघतायत.

रोटरवेडा

येणार म्हणजे येणार, शनिवारी रात्रीच घरी पोचतो. सी ३० आणतो, आणि कोन मोजायचं गेज पण. पोरांना म्हणावं उडवायच्या आधी एकदा लटकवून फोटो पाठवा मला, पट्टी बदलली की वजनाचा मध्य जरा हलतो.

जुनं लाकूड

एक राहिलंच. ज्यांच्याकडं अजून जुने क्रिस्टलवाले (एकाच ठरलेल्या चॅनेलवर चालणारे) रेडिओ सेट आहेत, माझ्यासकट, त्यांनी आपापला चॅनेल इथं आधी लिहून ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवाल्यांना काही अडचण नाही, पण आमचे दोन सेट एकाच चॅनेलवर एकदम चालू झाले तर दोन्ही विमानं जातील. मी पट्टीच्या टोकाला एक फळी लावतो, त्यावर चॅनेलचे चिमटे असतील, चिमटा हातात असेल त्यानंच सेट चालू करायचा.